चाकांवरच्या घरातील मुका सोबती

नागपूरची ख्याती उन्हाळ्याची. तरीही येथील हिवाळ्याला कमी लेखून चालत नाही. २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे शहराचे किमान तापमान ३.५ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले आणि नागपूरच्या नोंदींतील तो नीचांक ठरला. अशी पहाट क्वचितच येते. मात्र पहाटे १० ते १२ अंश आणि दुपारी २७ ते २८ अंश, असा एकाच दिवसातील मोठा फरक येथे डिसेंबर-जानेवारीत नित्याचाच असतो.

हेच दिवस व्यापारी कुटुंबांच्या प्रवासाचे असतात. दिवाळीचा हंगाम सरलेला असतो, मार्चअखेरीची धावपळ अजून दूर असते आणि मुलांना नाताळची सुट्टी लागते. इतवारी-गांधीबागेतील दुकान चार दिवस मुनिमाच्या हवाली करून कुटुंबे बाहेर पडतात. कोणी मुक्तागिरीला जाते, कोणी शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या दर्शनाला, कोणी भद्रावतीला, तर कोणी तीर्थदर्शनाला थंड हवेच्या ठिकाणाची जोड देऊन चिखलदऱ्याला.

या प्रवासात अलीकडे एका नव्या वाहनाची भर पडली आहे. झोपायला बिछाने, लहानसा ओटा, पाण्याची टाकी आणि शौचालय असलेली कॅम्पर व्हॅन, म्हणजेच कॅराव्हॅन. महाराष्ट्र शासनाने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारल्यापासून हे नाव घरोघरी पोहोचले. जैन कुटुंबांना त्याचे आकर्षण वाटण्याचे कारणही उघड आहे. आपला ओटा सोबत असला की पाणी गाळून-उकळून घेता येते, शोधलेले अन्न शिजवता येते आणि सूर्यास्तापूर्वीच्या जेवणासाठी हॉटेलच्या वेळेवर अवलंबून राहावे लागत नाही.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. पूर्वी घरात आजी-आजोबा असत, काका-काकू असत. चौघे प्रवासाला गेले तरी घर उघडे राही आणि घरातल्या कुत्र्या-मांजराला वेळेवर घास मिळे. आता फ्लॅटला कुलूप लागते. धर्मशाळेत प्राण्यांना प्रवेश नसतो, बहुतेक हॉटेलेही नकार देतात. अशा वेळी कॅम्पर हा सोपा मार्ग वाटतो. मुले हट्ट धरतात, वडील होकार देतात आणि घरातला मुका सोबती चार दिवसांच्या प्रवासाला निघतो. निघण्याविषयी त्याचे मत कोणी विचारलेले नसते, आणि ते विचारता येतही नाही. म्हणूनच त्याच्या वतीने विचार करण्याचे काम नेणाऱ्यांवर येते.

डेऱ्यांची जुनी रीत

घर आणि जनावरे सोबत घेऊन हिवाळ्यात हिंडणे विदर्भाला नवे नाही. कच्छ-काठेवाडातून पिढ्यांपूर्वी आलेले रबारी मेंढपाळ नागपूर-वर्धा-यवतमाळच्या शिवारांत आजही दिसतात. येथे त्यांना काठेवाडी म्हणतात. पीक निघालेल्या शेतांत ते मेंढ्या बसवतात. शेतकऱ्याला खत मिळते आणि कळपाला चारा. त्यांचा सगळा संसार उंटांच्या पाठीवर असतो. खाटा, भांडी, गोधड्या आणि त्यांच्याच मधे बसवलेली लहान मुले व नुकती जन्मलेली कोकरे.

या डेऱ्यांची चाल पाहण्यासारखी असते. कोकराला चालवत नाही म्हणून ते उंटावर चढते. व्यालेली मेंढी मागे पडली तर कळप सावकाश होतो. मुक्काम कोठे करायचा, हे पाणी आणि चारा पाहून ठरते. वाहन म्हणून उंट आणि कॅम्पर यांची तुलना होऊ शकत नाही. पण त्या डेऱ्याकडून एक गोष्ट घेण्यासारखी आहे. तेथे दिवसाचे अंतर सर्वांत दुबळ्या जिवाच्या ताकदीवर ठरते. कॅम्परमधील प्रवासाचा आराखडा बहुधा याच्या उलट आखला जातो. आधी अंतर, मग दर्शनाची वेळ, मग जेवण, आणि राहिलेल्या जागेत व राहिलेल्या वेळेत कुत्र्याची सोय.

व्रताची कसोटी

अशा प्रवासासाठी नियमावली शोधत फार लांब जावे लागत नाही. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसा अणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. प्रतिक्रमणाच्या निमित्ताने ते अनेक घरांत परिचयाचे असतात. ज्या काळात ते लिहिले गेले, त्या काळी गृहस्थाच्या दारी बैल, गायी आणि ओझ्याची जनावरे होती. हत्या न करताही, आपल्या आश्रयाला असलेल्या जनावराला पीडा कशी पोहोचते, याचा तेथे विचार आहे.

स्वतंत्र भारताचा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० चा. त्यामागे राज्यसभेच्या सदस्य आणि थोर नृत्यांगना रुक्मिणीदेवी अरुंडेल यांचे प्रयत्न होते. या कायद्याच्या ११ व्या कलमात मारहाण, अतिभार, आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे, अपुऱ्या पिंजऱ्यात कोंडणे, वेदना होतील अशा रीतीने वाहून नेणे आणि पुरेसे अन्न-पाणी-निवारा न देणे हे अपराध मानले आहेत. अतिचारांची यादी आणि हे कलम शेजारी ठेवले तर त्यांतील साम्य चटकन लक्षात येते. हिवाळी प्रवासाचा प्रश्न या पाच कसोट्यांवर घासून पाहणे म्हणूनच उपयोगाचे ठरते.

पहिला अतिचार बंधाचा. धावत्या वाहनात कुत्र्याला मोकळे सोडणे ही माया वाटते, पण तसे नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एकाएकी थांबले तर २० किलो वजनाचा मोकळा कुत्रा त्याच वेगाने पुढे फेकला जातो. त्याला इजा होतेच, पुढे बसलेल्या माणसालाही होते. तेव्हा बांधणे आवश्यक आहे. प्रश्न कसे बांधायचे हा आहे. गळ्यातील पट्ट्याला दोर लावून बांधले तर झटक्याचा सारा भार मानेवर येतो. छाती आणि खांद्यांभोवती बसणारा रुंद पट्टा, म्हणजे हार्नेस, आसनपट्ट्याला जोडावा. पिंजरा वापरायचा असेल तर त्यात त्याला उभे राहता, वळता आणि पाय पसरून निजता आले पाहिजे आणि तो वाहनाला घट्ट बांधलेला असावा. मांजराला मात्र झाकणाच्या पेटीतच सुरक्षित वाटते. तिच्यावर अर्धवट कापड टाकले की ते शांत होते. पिंजऱ्याची किंवा पट्ट्याची सवय प्रवासाच्या दिवशी नव्हे, दोन-तीन आठवडे आधी घरातच लावावी.

मुक्कामाच्या ठिकाणी बंधाचा दुसरा प्रकार घडतो. आत जागा नाही, म्हणून रात्री कुत्र्याला व्हॅनच्या चाकाला बांधून ठेवले जाते. थंडीची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवली तरी महाराष्ट्रात हे धोक्याचे आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले परिसरात बिबट्यांच्या आहाराचा अभ्यास झाला, तेव्हा त्यांच्या खाण्यात वजनाच्या मानाने सर्वांत मोठा, म्हणजे सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा आढळला. मेळघाट, पेंच, ताडोबा यांच्या आसपासचा कोणताही मुक्काम बिबट्याच्या वावराबाहेर आहे असे धरून चालू नये. बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. ज्याला रात्री आत घेता येणार नाही, त्याला सोबत नेऊ नये.

दुसरा अतिचार वधाचा. येथे त्याचा अर्थ जीव घेणे नसून ताडन करणे असा आहे. प्रवासात कुत्र्याला मळमळते, तोंडातून लाळ गळते, तो वांती करतो. अनोळखी जागी रात्रभर भुंकतो. थकलेल्या माणसांचा हात अशा वेळी उठतो. भुंकणे हा हट्ट नसून भीती असते, हे ओळखले तर उपाय सापडतो. घरातली रोजची चादर धुऊन न टाकता तशीच सोबत घ्यावी. ओळखीच्या वासाने त्याला धीर येतो. वांतीचा त्रास असेल तर निघण्यापूर्वी तीन-चार तास जड अन्न देऊ नये आणि औषध पशुवैद्यकाला विचारूनच द्यावे. माणसांच्या गोळ्या अंदाजाने देण्याचा मोह टाळावा. साधी पॅरासिटामॉलची गोळीही मांजराच्या जिवावर बेतते.

तिसरा छेदाचा. अवयवाला इजा करणे हा त्याचा अर्थ. जाणूनबुजून कोणी ती करत नाही. ती निष्काळजीपणातून घडते. खिडकीतून डोके बाहेर काढलेला कुत्रा छायाचित्रात सुंदर दिसतो, पण वाऱ्यासोबत येणारी धूळ आणि खडे त्याच्या डोळ्यांत जातात. त्याचा पाय काचेच्या बटणावर पडला तर काच वर सरकते आणि मान अडकते. मागील काचांची बटणे चालकाकडून बंद ठेवण्याची सोय असते, ती वापरावी. थंडीच्या दिवसांत शहरातल्या वाहनतळावरही एक काळजी घ्यावी. इंजिनाच्या उबेसाठी मांजरे बॉनेटखाली शिरून बसतात. पहाटे वाहन सुरू करण्यापूर्वी बॉनेटवर दोन थापा मारल्या तर एखादा जीव वाचतो, मग तो आपल्या घरचा असो वा गल्लीतला.

चौथा अतिभाराचा. कुत्र्याच्या पाठीवर कोणी ओझे ठेवत नाही. पण सहा माणसे, त्यांचे सामान, गाद्या आणि डबे भरल्यावर उरलेल्या दोन फुटांत त्याला कोंबणे हा अतिभारच आहे. वेळेचाही भार असतो. दर दोन-तीन तासांनी दहा-पंधरा मिनिटे थांबून त्याला चालू द्यावे, पाणी पाजावे, विधीला न्यावे. थांबताना महामार्गाच्या कडेला दार उघडू नये. आधी पट्टा हातात घ्यावा, मग दार उघडावे. नागपूरहून अमरावती-परतवाडा मार्गे चिखलदऱ्याला एका दमात जाता येते, पण शेवटचा घाट वळणांचा आहे. थकलेल्या आणि मळमळलेल्या जिवाला तो रात्री चढायला लावण्यापेक्षा परतवाड्याच्या बाजूला मुक्काम करून सकाळी निघणे बरे. डिसेंबरात सूर्य साडेपाच-पावणेसहाच्या सुमारास मावळतो. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या कुटुंबाला पाचच्या सुमारास थांबावेच लागते. त्याच ठिकाणी रात्रीचाही मुक्काम केला तर माणसांचा नियम आणि जनावराची विश्रांती दोन्ही एकदम साधतात.

व्रत आपले, तहान त्याची

पाचवा अतिचार अन्नपाननिरोधाचा, आणि प्रवासात नकळत सर्वाधिक घडणारा हाच. वाहनात घाण होऊ नये म्हणून कुत्र्याला सकाळपासून पाणी दिले जात नाही. घरच्यांना ही चतुराई वाटते. हिवाळ्यात तहान कमी लागते असा समजही त्यामागे असतो. वास्तविक कोरड्या थंड हवेत श्वासावाटे शरीरातील पाणी जातच असते आणि प्रवासाच्या ताणाने कुत्रा अधिक धापा टाकतो. पाणी तोडणे हा उपाय नाही. थांबे वाढवणे हा आहे. जैन घरात उकळलेले पाणी सोबत असतेच. तेच कोमट करून थोडे-थोडे, वारंवार दिले तर थंडीत ते त्याला अधिक मानवते.

येथे एक बारीक पण महत्त्वाचा भेद आहे. घरातील वडीलधारी माणसे चौविहार करतात. सूर्यास्तानंतर अन्न-पाणी घेत नाहीत. व्हॅनमधील ओटा संध्याकाळी आवरला जातो, भांडी पुसून ठेवली जातात आणि त्याबरोबर कुत्र्याचे पाण्याचे भांडेही उचलले जाते. व्रत हे ज्याने समजून-उमजून घेतले त्याचे असते. ज्याला प्रत्याख्यान म्हणजे काय हे कळत नाही, त्याच्यावर ते लादले तर त्याच्या वाट्याला केवळ तहान येते आणि आपल्या वाट्याला अतिचार. त्याचे भांडे रात्रभर भरलेले असावे. जीवजंतू पडू नयेत म्हणून ते आत, झाकल्या जागी ठेवावे. पण ते असावे.

अन्नाचेही तसेच. घरी तो जे खातो तेच, त्याच वेळी द्यावे. प्रवासात आहार बदलला की पोट बिघडते. थंडीत अंग उबदार ठेवण्यासाठी थोडे अधिक अन्न लागते. कांदा-लसूण कुत्र्या-मांजरांच्या रक्ताला अपायकारक असतो. बहुतेक जैन घरांत तो धोका आपोआप टळतो. मात्र हिवाळ्याच्या डब्यातील इतर पदार्थ निर्धोक नसतात. चिवड्यातील बेदाणे, चॉकलेट आणि साखरेऐवजी झायलिटॉल घातलेली मिठाई कुत्र्याला विषासारखी ठरू शकते. मुले प्रेमाने हातातला घास देतात, म्हणून हे आधी मुलांनाच सांगून ठेवावे.

अंगाची ऊब आणि तळाची थंडी

कुत्र्याच्या अंगाचे तापमान ३८ ते ३९ अंशांच्या आसपास असते. ते ३७ च्या खाली गेले तर शरीर गारठू लागले असे समजतात. पिल्ले, म्हातारी आणि आजारी जनावरे, लहान चणीची व आखूड केसांची कुत्री यांना थंडी आधी बाधते. हस्की किंवा जर्मन शेफर्डसारख्या दाट केसांच्या कुत्र्याला नागपूरच्या हिवाळ्यात स्वेटरची गरज नसते. पग, डॉबरमन किंवा आखूड केसांच्या गावठी कुत्र्याला पहाटे ती असू शकते.

माणसे व्हॅनमध्ये वरच्या बिछान्यावर निजतात आणि कुत्रा तळाशी. बाहेरच्या थंडीने गार झालेला पत्रा त्याच्या अंगाखाली असतो. गरम हवा वर जाते, त्यामुळे वरच्या माणसाला पुरेशी वाटणारी ऊब खाली पोहोचतच नाही. जाड सतरंजी किंवा फळीवर ठेवलेली गादी यांनी मोठा फरक पडतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे आणि नागपूर सुमारे ३१० मीटरवर. एवढ्या उंचीच्या फरकाने तापमान साधारण पाच अंशांनी उतरते. पहाटेच्या दवाने ओल्या गवतात फिरून आलेल्या कुत्र्याचे पोट आणि पंजे कोरडे पुसावेत, कारण ओले केस ऊब धरून ठेवत नाहीत. थरथर, अंग आखडून बसणे, पंजे आळीपाळीने उचलणे ही सुरुवातीची लक्षणे होत. पुढे थरथर थांबून सुस्ती आली तर सुधारणा झाली असे मानू नये. ते अधिक गारठल्याचे चिन्ह असते. कोरड्या पांघरुणात गुंडाळून, सावकाश ऊब देत पशुवैद्यकाकडे न्यावे. गरम पाण्याची पिशवी उघड्या अंगाला लावू नये.

थंडीच्या धास्तीत उलट बाजू विसरली जाते. मुक्तागिरीला पोहोचल्यावर कुटुंब डोंगरातील ५२ मंदिरांच्या दर्शनाला निघते. कुत्र्याला वर नेता येत नाही. हिवाळा आहे, ऊन कोवळे आहे, असे म्हणून काचा लावून त्याला व्हॅनमध्ये ठेवले जाते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेर केवळ २२ अंश तापमान असतानाही उन्हात उभ्या असलेल्या बंद मोटारीचे आतले तापमान तासाभरात सुमारे २२ अंशांनी वाढल्याचे दिसले; त्यातील बहुतांश वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली होती. काच किंचित उघडी ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. विदर्भातील डिसेंबरची दुपार त्या २२ अंशांहूनही उष्ण असते. कुत्र्याला घाम येऊन अंग थंड करता येत नाही. तो केवळ धापा टाकू शकतो. दर्शन दोन तुकड्यांत घेणे हाच खरा उपाय आहे. आधी चौघे वर जातील, दोघे सावलीत त्याच्यापाशी बसतील. मग पाळी बदलेल. दर्शनाला एक तास अधिक लागेल, एवढेच.

शेगडीचा अदृश्य धूर

थंडीच्या रात्री व्हॅनची दारे-खिडक्या बंद करून आत कोळशाची शेगडी, गॅसची शेगडी किंवा हीटर लावण्याचा विचार सहज सुचतो. तो जिवावर बेतणारा आहे. २०२० च्या जानेवारीत नेपाळमधील दामन येथे केरळचे आठ पर्यटक, त्यांत चार मुले, बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपले आणि उठलेच नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात केरळमधील वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅराव्हॅनमध्ये दोन पुरुष मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याचे तपासात दिसले. या वायूला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक ओढीने चिकटतो आणि झोपलेल्याला झोपेतच नेतो.

नागपूरच्या आसपास कोळसाखाणींचा पट्टा आहे, त्यामुळे विषारी वायूची गोष्ट येथील लोकांना परकी नाही. ब्रिटनच्या कोळसाखाणींत १९८६ पर्यंत कॅनरी पक्षी पिंजऱ्यात घालून खाली नेत असत. लहान देहाचा, वेगाने श्वास घेणारा जीव आधी कोसळे आणि माणसांना इशारा मिळे. व्हॅनमधील पाळीव पक्षी, मांजर किंवा पिल्लू याच स्थितीत असते. मात्र आता त्यांच्या जिवावर इशारा मिळवण्याची गरज उरलेली नाही. कार्बन मोनॉक्साइड ओळखणारे छोटे यंत्र बाजारात मिळते. ते व्हॅनमध्ये बसवावे. आत काहीही पेटवून झोपू नये, उबेसाठी इंजिन किंवा जनरेटर रात्रभर चालू ठेवू नये आणि थंडी असली तरी हवा खेळती राहील एवढी झडप उघडी ठेवावी. ऊब पांघरुणांतून घ्यावी, ज्वालेतून नव्हे.

रानातील जीवांचा वाटा

दयेचे वर्तुळ आपल्या कुत्र्यापाशी संपत नाही. चिखलदरा मेळघाटच्या कुशीत आहे आणि मेळघाट देशातील पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांपैकी एक. व्याघ्रप्रकल्पाच्या आत पाळीव प्राणी नेण्यास मनाई असते. हा नियम केवळ कुत्र्याच्या सुरक्षेसाठी नाही. २०१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गुजरातच्या गीर अरण्यात अल्पावधीत २३ सिंह मरण पावले. त्यांतील अनेकांत कॅनाइन डिस्टेंपरचा विषाणू आढळला. हा रोग कुत्र्यांतही असतो. लस न घेतलेला कुत्रा एखाद्या पाणवठ्याजवळ फिरून आला तर तो तेथे काय सोडून येईल, हे सांगता येत नाही.

म्हणून रेबीज, डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्या लसी वेळेवर झालेल्या असाव्यात. नवी लस प्रवासाच्या निदान दोन-तीन आठवडे आधी द्यावी. लसीची वही आणि पशुवैद्यकाचे प्रकृतीचे प्रमाणपत्र सोबत असावे. पट्ट्याला मोबाइल क्रमांकाची पाटी लावावी. विष्ठा पिशवीत उचलून आणावी. तीर्थाच्या परिसरात तर विशेष करून. रात्री कुत्र्याला रानाच्या कडेने मोकळे फिरवू नये, उरलेले अन्न बाहेर टाकू नये. त्या वासाने रानातील जीव वस्तीकडे येतात आणि अखेर त्यांचेच नुकसान होते.

न नेण्याचा निर्णय

एवढी तयारी करूनही काही जिवांना प्रवास मानवत नाही. सांधे धरलेला म्हातारा कुत्रा, हृदयविकाराने धापणारा, गाभण असलेली कुत्री, दोन-अडीच महिन्यांचे पिल्लू यांना थंडीत चार दिवस हलवणे योग्य नाही. बहुतेक मांजरांना माणसांपेक्षा जागेची ओढ अधिक असते. त्यांना आपल्या घरीच बरे वाटते. अशा वेळी शेजारी किंवा नात्यातले कोणी घरी येऊन दोन वेळा अन्न-पाणी देईल अशी व्यवस्था करावी, अथवा घरातील एकाने मागे राहावे. बोर्डिंगमध्ये ठेवायचे असेल तर ती जागा आधी स्वतः पाहून यावी. मुलांना वाईट वाटेल. पण आपल्या आनंदासाठी दुसऱ्याला त्रास देऊ नये, हे त्यांना पाठशाळेच्या पुस्तकापेक्षा या निर्णयातून अधिक स्पष्ट कळेल.

नेण्याचे ठरलेच तर एक सोपी परीक्षा घेता येते. प्रवासाच्या आठवडाभर आधी, चांगली थंडी असलेल्या रात्री, व्हॅन आपल्याच अंगणात किंवा सोसायटीच्या आवारात उभी करून कुटुंबाने आणि कुत्र्याने तीत एक रात्र काढावी. तो कोठे निजतो, किती वेळा उठतो, पहाटे थरथरतो का, पाण्याच्या भांड्याजवळ जाता येते का, हे एका रात्रीत कळते. उणे-अधिक दुरुस्त करायला घर दहा पावलांवर असते. त्या रात्री त्याला झोप लागली नाही तर अंतर कमी करावे, माणसे कमी करावीत, नाहीतर या वेळी त्याला घरीच राहू द्यावे. त्याला बोलता येत नाही; पण त्या एका रात्रीत त्याचे उत्तर मिळालेले असते.